पट्टी दाबून झाल्यावर काय?

आवाज बासरीचाच होता. सुराच्या आधीची फुंकेची हवासुद्धा ऐकू येत होती. तरी भाच्यानं लॅपटॉपला जोडलेल्या की-बोर्डवर यमनची ओळ वाजवली तेव्हा कुणीतरी बासरीचं टायपिंग करतंय असं वाटलं. नि रे ग, मग तीव्र मध्यम, मग पंचम. सूर न् सूर जागच्या जागी, आणि सगळे निर्जीव.

"मामा, हे प्लगइनच बेकार आहे. दुसरं घेऊ या."

प्लगइन, म्हणजे लॅपटॉपमधलं ते बासरीचं सॉफ्टवेअर, बेकार नव्हतं. ते करणाऱ्यांनी चांगल्या बासरीवाल्याला स्टुडिओत बसवून एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा टिपून ठेवला होता. गडबड त्याच्या अलीकडे, बोटं आणि लॅपटॉप यांच्यामधल्या वायरीत होती. त्या वायरीतून जाणारा निरोप इतका त्रोटक होता की पलीकडच्या बासरीला नक्की काय करायचं ते कळायला मार्गच नव्हता.

या निरोपाच्या भाषेला मिडी म्हणतात. 'मिडी कंट्रोलर' म्हणून जो की-बोर्ड विकला जातो त्याच्या पोटात आवाज नसतो. तो फक्त कळवतो, की ही पट्टी दाबली, एवढ्या जोरानं दाबली, आता सोडली. आवाज काढायचं काम संगणकातल्या सॉफ्टवेअर वाद्याचं. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं ही भाषा ठरली. जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर वायरीनं जोडून एकमेकांशी बोलताना जाहीरपणे दाखवले गेले. चाळीस वर्षं उलटून गेली तरी घरोघरच्या की-बोर्डांची बोली मुळात तीच आहे.

पट्टी दाबल्याचा निरोप तीन भागांचा असतो: कुठल्या चॅनेलवर (म्हणजे कोणत्या वाद्यासाठी), कोणता सूर, किती जोर. पियानोच्या मधल्या सी पट्टीचा क्रमांक ६०, आणि जोर १ ते १२७ मध्ये मोजायचा. गंमत म्हणजे या जोरात जोर मोजलेलाच नसतो. पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात, एक आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर. मधे किती वेळ गेला त्यावरून पट्टी किती वेगानं खाली आली ते कळतं, आणि त्या वेगालाच जोर म्हणायचं. जुन्या मिडी वायरीवरून हा सगळा निरोप जायला साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग लागतो.

त्यानंतर? काहीच नाही. बोट उचलेपर्यंत साधा की-बोर्ड गप्प असतो.

पियानोवाल्याचं यात काही बिघडत नाही, कारण हातोडी तारेवर आपटून मागे आली की पियानोवरही त्या सुराचं फारसं काही करता येत नाही. पण बासरी, सारंगी, व्हायोलिन, गळा यांचं बहुतेक संगीत सूर लागल्यावर सुरू होतं. तो फुगतो, बारीक होतो, शेजारच्या सुराला शिवून येतो, घसरत दुसरीकडे जातो. की-बोर्ड गप्प बसतो नेमका तेव्हाच. सॉफ्टवेअर वाद्यात जीव आणायचा म्हणजे पट्टी दाबून झाल्यावरच्या त्या मोकळ्या वेळात काहीतरी सांगत राहायचं. बाकी सगळं तपशिलाचं काम.

हे दुखणं आपल्याला नवीन नाही. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही, कारण प्रत्येक पट्टीच्या मागची रीड आपल्या ठरलेल्या सुरालाच वाजणार. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला तीस वर्षं लागली, त्यामागे हा एक मोठा आक्षेप होता. दुसरा आक्षेप श्रुतींचा, म्हणजे सुरांच्या बारीक जागांचा. त्यावर डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी काढली. तिच्यात सा आणि प सोडून बाकी प्रत्येक सुराच्या दोन जागांपैकी हवी ती खुंटी ओढून निवडता येते. जागा नेमक्या झाल्या. पण एका जागेवरून दुसरीकडे घसरत जायची वाट पेटीत आजही नाही.

तरी पेटी त्या कंट्रोलरइतकी मुकी नाही, कारण तिला भाता आहे. उजवा हात सूर निवडतो, डावा हात त्या सुराचं काय होणार ते ठरवतो. भाता हळू लोटला की सूर पातळ, जरा दाबला की भरदार. कसलेला वादक भात्यावरच वाक्य म्हणतो. आपल्या की-बोर्डवरही असाच भाता लपलेला असतो, फक्त तो कुणी दाखवून देत नाही.

मिडीत सूर चालू असताना पाठवायचे निरोप आहेत. त्यांना कंट्रोल चेंज म्हणतात, बोलताना नुसतं सीसी. प्रत्येकाला क्रमांक आहे. १ म्हणजे की-बोर्डच्या डावीकडचं मॉड्युलेशनचं चाक, २ म्हणजे फुंक, ७ म्हणजे व्हॉल्यूम, ११ म्हणजे एक्स्प्रेशन, ६४ म्हणजे सस्टेनचं पेडल. ७ आणि ११ दोघंही आवाज कमी-जास्त करतात, मग दोन कशाला? सात नंबर हा साउंडवाल्याचा फेडर. एकदा लावला की तो तिथेच राहतो. अकरा नंबर वाजवणाऱ्याचा, म्हणजेच भाता.

बऱ्याच सॅम्पलवाल्या वाद्यांत, म्हणजे ज्यांच्यात खऱ्या वाद्याचे तुकडे टिपून ठेवलेत त्यांत, १ नंबरचं चाक याहून मोठं काम करतं. चाक खाली असताना हळू फुंकलेल्या सुराचं रेकॉर्डिंग वाजतं, वर नेलं की ते विरत जाऊन जोरात फुंकलेल्याचं रेकॉर्डिंग पुढे येतं. नुसता आवाज वाढत नाही, त्याचा पोत बदलतो. खरी बासरी हेच करते. 'पट्टी दाबली तरी आवाजच येत नाही' अशी तक्रार नवखे लोक करतात तेव्हा बऱ्याचदा हे चाक तळाला असतं.

भाच्याला म्हटलं, डावा हात चाकावर ठेव आणि पेटीचा भाता समजून हलव. लहानपणी दोन वर्षं पेटी शिकलाय तो. पहिल्या मिनिटात गोंधळ झाला, तिसऱ्या मिनिटाला ओळीला चढ-उतार आला. प्लगइन तेच होतं.

चाकापेक्षा चांगला भाता म्हणजे तोंड. तोंडात नळी धरून फुंकायची, आतला सेन्सर हवेचा दाब मोजून दोन नंबरचा निरोप पाठवत राहतो. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ या सिंथेसायझरला ही नळी जोडायची खास जागा होती, इतकी ही कल्पना जुनी आहे. फुंकेच्या वाद्याला फुंकच हवी, याचं कारण आवाजाच्या चढ-उतारापुरतं नाही. फुंकताना दम संपतो, आणि दम संपला की वाक्य संपतं. की-बोर्डवर बासरी वाजवणारा माणूस दीड मिनिट न थांबता वाजवतो आणि कुणालाच कळत नाही की हे खोटं का वाटतंय.

नळी नको असेल तर पायाखाली एक्स्प्रेशनचं पेडल घ्यावं. संगीत नाटकातले ऑर्गनवाले पायानं भाता मारून दोन्ही हात मोकळे ठेवत. तीच सोय इथे आहे, आणि तिची गरज पुढे लागणार आहे, कारण डाव्या हाताला आता दुसरं काम मिळतंय. मींड.

की-बोर्डवर दुसरं एक चाक असतं, पिच बेंडचं. स्प्रिंग लावलेलं, सोडलं की मधोमध येणारं. बाकी निरोपांना १२८ पायऱ्या, याला १६,३८४. कान आवाजाच्या चढ-उतारात पायऱ्या खपवून घेतो, सुराच्या उंचीत घेत नाही, म्हणून ही चैन. स्वस्तातल्या काही की-बोर्डांत मात्र चाकाच्या आतला सेन्सर १२८ पायऱ्यांचाच असतो. वरखाली एकेक सप्तकाची मींड त्यावर बसवली तर प्रत्येक पायरी जवळजवळ १९ सेंट होते. दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट, आणि श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर साधारण २२ सेंट. म्हणजे मींड ओढायला जावं आणि जिना ऐकू यावा. माझ्याकडे आलेल्या एका सेकंडहँड की-बोर्डचं चाक तर सोडल्यावर बरोब्बर मधे परतायचंच नाही. आठवडाभर मी स्वतःच्या कानाला दोष देत होतो.

आता एक मींड जवळून पाहू. यमनमध्ये पंचमावरून गंधारावर यायचंय. भाच्यानं सहजच प ची पट्टी दाबली आणि चाक खाली ओढलं. सूर उतरला, आणि शुद्ध मध्यमावर जाऊन थांबला. यमनमध्ये! त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

झालं असं, की बहुतेक सॉफ्टवेअर वाद्यांत चाकाची मर्यादा मुळात दोन सेमीटोन ठेवलेली असते. सेमीटोन म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. प वरून ग तीन सेमीटोन खाली. चाक तळाला टेकलं तरी एक सेमीटोन कमीच पडणार, आणि त्या जागी नेमका रागात नसलेला सूर उभा. ही मर्यादा वाद्याच्या सेटिंगमध्ये बदलता येते. तिथे आम्ही तीन केलं.

मग उलटं करून बघितलं. दाबायचा ग, पण चाक आधीच पूर्ण वर नेऊन. त्यामुळे ग ची पट्टी दाबली तरी ऐकू येतो प. आता चाक सावकाश सोडायचं. सूर तीव्र मध्यमाला चाटून गंधारावर उतरतो, आणि स्प्रिंग त्याला बरोब्बर मधोमध आणून ठेवते. शेवटचा सूर हलायचा प्रश्नच नाही. सतारवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. गंधाराच्या पडद्यावर तार आधी पंचमापर्यंत ओढून ठेवायची, मग छेडायची आणि सैल सोडायची, हीच त्यांची विलोम मींड. छेडून मग ओढली तर अनुलोम. चाकाच्या स्प्रिंगला तारेचा ताण समजलं की सतारीची अर्धी अक्कल फुकटात वापरता येते.

अर्थात चाकाला सतारीची सर नाही. मींड सरळ रेषेत जात नाही. ती निघताना रेंगाळते, मधे वेग घेते, पोचताना पुन्हा सावरते, आणि हे सगळं बोटभर रुंदीच्या प्लॅस्टिकच्या चाकावर अंगठ्यानं करायचं असतं. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हेलकावणारा, गंधार मला तरी त्यावर कधी समाधानानं जमलेला नाही.

शिवाय चाकाची एक मूलभूत अडचण आहे. बेंडचा निरोप सुरासाठी नसतो, अख्ख्या चॅनेलसाठी असतो. सा धरून ठेवलाय आणि वरच्या सुरावर मींड घ्यायचीय, तर चाक हलवताच सा सुद्धा घसरतो. चाळीतल्या सगळ्या खोल्यांना मिळून एकच स्विच असावा तसं. कुणा एकाला उजेड नको झाला की सगळे अंधारात. साध्या की-बोर्डांवर पट्टी आणखी दाबल्याचा जो आफ्टरटच असतो त्याचीही बहुधा हीच गत, कुठलीही पट्टी दाबा, परिणाम सगळ्यांवर.

यावरचा तोडगा ऐकायला अगदी जुगाड वाटतो, आणि आहेही. मिडीत १६ चॅनेल आहेत. ते मुळात वेगवेगळ्या वाद्यांसाठी होते, एकावर पियानो, दुसऱ्यावर व्हायोलिन असे. त्याऐवजी एकाच वाद्याच्या प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनेल द्यायचं. पहिलं चॅनेल सगळ्यांसाठीच्या सामायिक निरोपांना, उरलेली १५ एकेका बोटाला. सुराला स्वतःचं चॅनेल मिळालं की स्वतःचा बेंड आला, स्वतःचा दाब आला आणि सीसी ७४ च्या रूपानं स्वतःचा पोतही आला. चाळीत प्रत्येक खोलीला मीटर बसला. या पद्धतीला एमपीई म्हणतात, आणि २०१८ च्या जानेवारीत ती मिडीच्या अधिकृत नियमांत आली. १९८३ च्या भाषेत जवळजवळ एकही नवा शब्द न घालता हे जमलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. २०२० साली मिडी २.० आलं. त्यात हे सगळं जुगाडाशिवाय बसवलंय आणि पायऱ्याही पुष्कळ जास्त आहेत, पण सध्या घरात येणाऱ्या अशा बहुतेक वाद्यांचं काम एमपीईवरच चालतं.

एमपीई बोलणारी वाद्यं बघायलाही वेगळी दिसतात. लिपोल्ड हाकेन यांच्या कंटिन्युअमला पट्ट्याच नाहीत. एक लांब मऊ लाल पृष्ठभाग, त्यावर बोट आडवं सरकलं की सुराची उंची बदलते, मागे-पुढे सरकलं की पोत, आणि दाबाप्रमाणे जोर. ए. आर. रहमान यांनी हे वाद्य आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात वाजवलंय. रॉजर लिन यांच्या लिनस्ट्रुमेंटवर चौकोनांच्या आठ ओळी असतात आणि बोट एका चौकोनावरून दुसऱ्यावर घसरवता येतं. सीबोर्डच्या पट्ट्या सिलिकॉनच्या लाटांसारख्या. फ्रान्समध्ये तयार झालेल्या ऑझमोसच्या पट्ट्या मात्र नेहमीच्या दिसतात, पण डावी-उजवीकडे हलतात आणि तळाला पोचल्यावरही आणखी खोल दबतात. पेटी किंवा पियानोवर हात बसलेल्याला सगळ्यात लवकर जमेल ते हेच, असं माझं मत.

ही वाद्यं महाग आहेत, आणि केवळ हौसेखातर घ्यायचा सल्ला मी देणार नाही. आयपॅड असेल तर जिओश्रेडसारख्या ॲपवर काचेवरच बोट सरकवून मींड घेता येते. महेश राघवन त्यावर कर्नाटक संगीत वाजवतात, ते ऐकलं की आयपॅडबद्दलचा आपला तुच्छभाव गळून पडतो. फक्त काचेला दाब कळत नाही, ही तिची उणीव.

या सगळ्या मऊ, सपाट पृष्ठभागांवर एक नवी धास्ती मात्र येते. आता बेसूर होता येतं. बहुतेक यंत्रांत त्यासाठी सोय असते. बोट टेकतं तेव्हा सूर जवळच्या पक्क्या जागेला ओढून घेतला जातो आणि पुढची घसरण मोकळी राहते. सुरुवातीला ती चालू ठेवावी. मुरल्यावर ती कमी करत न्यावी, नाहीतर प्रत्येक मींडेच्या सुरुवातीला पेटी डोकावत राहते.

असं महागडं वाद्य आणून जोडलं आणि मींड हललीच नाही, असा अनुभव हमखास येतो. कारण पुन्हा तीच मर्यादा. एमपीई वाद्य गृहीत धरतं की बेंडची मर्यादा ४८ सेमीटोन आहे. सॉफ्टवेअर बासरी मात्र जुन्या सवयीनं दोनच धरून बसलेली असते. तुम्ही सा वरून तार सा पर्यंत बोट सरकवता, म्हणजे १२ सेमीटोन, ४८ चा चौथा हिस्सा. बासरी आपल्या दोनचा चौथा हिस्सा काढते आणि अर्धा सेमीटोन वर जाऊन थांबते. दोन्हीकडे आकडा सारखा हवा. आणि सॉफ्टवेअरमध्ये एमपीई चालू आहे ना, तेही बघायचं. एबलटन लाइव्ह या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते ११ व्या आवृत्तीपासून आलं. फुकटात प्रयोग करायचा तर सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन्ही सिंथेसायझर एमपीई समजतात.

आता त्या बासरीकडे परत. भाता झाला, मींड झाली, तरी लांब मींडेत तिचा आवाज जरा विचित्र व्हायचा, कारण ती सॅम्पलची होती. रेकॉर्ड केलेला सूर वर चढवायचा तर साधी पद्धत म्हणजे तो तुकडा भरभर वाजवायचा. मग मूळ वादकाच्या सुरातली थरथरही भरभर होते, फुंकेचा आवाजही चिरका होतो. एक-दोन सेमीटोनपर्यंत खपतं, पुढे कार्टून वाटायला लागतं. दुसऱ्या जातीची वाद्यं रेकॉर्डिंग वापरतच नाहीत. नळीत हवा कशी हलेल, गजाखाली तार कशी थरथरेल याचं गणित मांडून आवाज त्या क्षणी घडवतात. याला फिजिकल मॉडेलिंग म्हणतात. स्वाम नावाची व्हायोलिनं आणि सॅक्सोफोन या जातीचे. सुटा एक सूर ऐकला तर सॅम्पलवालं वाद्य जास्त खरं वाटतं. ओळ ऐकली तर बहुधा मॉडेलिंगवालं, कारण ते तुमच्या हाताप्रमाणे वाकतं. पण त्याला खायला सतत निरोप लागतात. भाता न हलवता ते वाजवलं तर सॅम्पलपेक्षाही वाईट.

तबल्यातही हेच सापडतं. डग्ग्यावर घुमारा काढून मनगट पुढे रेटलं की आवाज वर चढतो, तो सगळा खेळ थापेनंतरचा. पॅडवर नुसतं ठोकून तो कधीच येणार नाही. पॅडला आफ्टरटच असेल तर तो दाब सुराच्या उंचीला जोडून द्यायचा. बोटानं ठोकायचं आणि त्याच बोटानं रेटायचं. मनगटाचं काम बोटाला सांगावं लागतं, पण पाच मिनिटांत 'घे' ओळखू यायला लागतो.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी नीट करायला हवी, ती म्हणजे उशीर. संगणक आवाज एकेक घास करून बाहेर काढतो. त्या घासाला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतील आणि बफर ५१२ चा असेल तर तिथेच साडेअकरा मिलिसेकंद गेले. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे आपली बासरी जवळजवळ चार मीटरवरून ऐकल्यासारखं झालं. १२८ वर आणलं तर तीन मिलिसेकंद. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर मात्र सहज शंभरच्या वर जातो. मिरवणुकीत लांबच्या पथकाचं टिपरू ढोलावर आधी पडताना दिसतं आणि आवाज मागून येतो, तसं. भाता आणि मींड दोन्ही कान ऐकून हाताला दुरुस्त करत असतो. कानाला शिळी बातमी मिळाली की हात वाहवत जातो.

भाच्याच्या कानात ब्लूटूथच होते. काढायला लावले, ड्रॉवरमधले जुने वायरवाले दिले. चाक वर, ग ची पट्टी, भाता हळू. या वेळी सूर पंचमावरून निघाला, तीव्र मध्यमाशी गरजेपेक्षा जरा जास्त घुटमळला आणि गंधारावर उतरला.

"मधे जास्त थांबलास."

"हो, कळलं," म्हणाला, आणि न सांगता पुन्हा चाक वर नेलं.